किचनरच्या रुग्णालयाची १३० वर्षं: निगराणीचा इतिहास

१ एप्रिल २०२५ रोजी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनरमधली दोन रुग्णालयं एक झाली. किंग स्ट्रीटवरचं ग्रँड रिव्हर हॉस्पिटल आणि क्वीन्स बुलेव्हार्डवरचं सेंट मेरीज जनरल हॉस्पिटल यांच्या विलीनीकरणातून 'वॉटर्लू रिजनल हेल्थ नेटवर्क' ही संस्था उभी राहिली. पाट्या बदलल्या. किंग स्ट्रीटची इमारत 'मिडटाउन' झाली, सेंट मेरीजला रस्त्याचंच नाव मिळालं आणि ग्रँड रिव्हरचंच नदीकाठचं जुनं फ्रीपोर्ट 'चिकोपी' झालं. या इमारतींमध्ये आपल्यापैकी अनेकांची मुलं जन्मली, अनेकांच्या आईवडिलांनी अखेरचे दिवस काढले. म्हणून या स्मरणिकेत त्यांचा इतिहास यायलाच हवा होता.

रुग्णालयाचा इतिहास लिहायचा म्हटलं की वाट ठरलेली असते: जमीन देणारे दाते, पहिले डॉक्टर, नव्या विंगचं उद्घाटन, फीत कापणारे मंत्री. त्या सर्वांचा मान राखून मी वेगळी वाट धरतो आहे. ऑक्सिजनच्या नळ्या कोण तपासतं, जनरेटर कोण चालवून पाहतं, शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक झाली याची खात्री कोण करतं आणि हे सगळं नीट चाललं आहे यावर बाहेरून कोण नजर ठेवतं, त्याचा हा इतिहास आहे. रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा डॉक्टरांचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्यामुळे त्याला काही झालं नाही त्या माणसांची नावं त्याला कधीच कळत नाहीत.

सुरुवात १८९५ ची. तेव्हा या गावाचं नाव बर्लिन होतं. जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइट आणि लुथरन कुटुंबांनी वसवलेलं, कारखान्यांवर वाढलेलं गाव. शेजारच्या वॉटर्लूतले मद्यनिर्माते जोसेफ सीग्रॅम यांनी जमीन दिली आणि दोन्ही गावांचं मिळून 'बर्लिन-वॉटर्लू हॉस्पिटल' सुरू झालं. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढणाऱ्या देशात बर्लिन नावाचं गाव कसं ठेवायचं, हा प्रश्न पेटला. १ सप्टेंबर १९१६ पासून गाव किचनर झालं आणि पुढे रुग्णालयही किचनर-वॉटर्लू हॉस्पिटल झालं. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते तेच लॉर्ड किचनर, हिंदुस्थानचे सरसेनापती असताना ज्यांच्याशी झालेल्या वादातून व्हाइसरॉय कर्झन यांनी १९०५ साली राजीनामा दिला.

मराठी वाचकाला या काळाचा आणखी जवळचा एक धागा सांगायला हवा. बर्लिनचं रुग्णालय उघडण्याच्या एकच वर्ष आधी, १८९४ मध्ये, मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. ते उभारणारे डॉ. विल्यम वानलेस याच ऑन्टारिओ प्रांतात जन्मलेले. सांगली-मिरजेकडची माणसं ज्या रुग्णालयाला आजही 'वानलेस' म्हणतात, त्याचा संस्थापक या मातीतला होता. क्षयरोग्यांसाठी पुढे वानलेसवाडीला आरोग्यधाम झालं. किचनरमध्ये तेच काम ग्रँड नदीकाठच्या फ्रीपोर्ट सॅनेटोरियमने केलं. औषध नव्हतं तेव्हा क्षयावर उपाय एकच: मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि रोग्याला इतरांपासून वेगळं ठेवणं. संसर्ग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून इमारत कशी बांधावी, खिडक्या कुठे असाव्यात, थुंकी कशी नष्ट करावी, याचे धडे आधुनिक रुग्णालयांनी या आरोग्यधामांतच गिरवले. १९२४ मध्ये हॅमिल्टनच्या सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ या जोगिणींनी सेंट मेरीज सुरू केलं आणि गावात दोन रुग्णालयं झाली.

याच सुमारास एक मोठी गोष्ट सीमेपलीकडे घडत होती. रुग्णालयात गेलेला माणूस बरा होऊन येतो की नाही याची नोंदच कुठे नसते, अशी तक्रार बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन सतत करत असत. त्या विचारातून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 'किमान मानक' तयार केलं. एका पानात मावेल एवढंच: डॉक्टरांचा संघटित वर्ग असावा, ते पदवीधर असावेत, त्यांनी नियमित बैठका घेऊन आपल्या कामाचा आढावा घ्यावा, प्रत्येक रुग्णाची पूर्ण नोंद असावी, प्रयोगशाळा आणि एक्स-रेची सोय असावी. अमेरिका आणि कॅनडातली शंभराहून जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली गेली. त्या एका पानाला फक्त ८९ उतरली. नापास झालेल्यांत नावाजलेली रुग्णालयं इतकी होती की १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ती यादी भट्टीत जाळून टाकण्यात आली. यादी जळली तरी मानक टिकलं. पुढे या कामाची धुरा वाहणारे माल्कम मॅकएकर्नही ऑन्टारिओचेच. १९५१ मध्ये अमेरिकेत रुग्णालयांच्या मानांकनासाठी संयुक्त आयोग झाला तेव्हा कॅनेडियन मेडिकल असोसिएशन त्यात होती. १९५८ मध्ये कॅनडाने मानांकनासाठी स्वतःची परिषद स्थापन केली. तीच आजची अ‍ॅक्रेडिटेशन कॅनडा.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तपासायला येणारा हा सरकारी अंमलदार नव्हता. दुसऱ्या रुग्णालयात काम करणारा डॉक्टर, नर्स किंवा प्रशासक तो असे आणि आजही असतो. आपल्याच धंद्यातला माणूस आपलं काम बघायला येतो, म्हणून त्याच्यापुढे सबबी चालत नाहीत.

१९५९ मध्ये ऑन्टारिओत सरकारी रुग्णालय विमा आला आणि देणग्यांवर तगणाऱ्या रुग्णालयांना नियमित पैसा मिळू लागला. १९७३ मध्ये रुग्णालयांच्या नर्सिंग शाळा कम्युनिटी कॉलेजांकडे गेल्या. आपली मुलं ज्या कॉनेस्टोगा कॉलेजात शिकायला येतात, तिथे आता या गावच्या नर्सेस घडतात.

१९७३ हे वर्ष मात्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी उत्तर ऑन्टारिओतल्या सडबरी जनरल हॉस्पिटलची नवी विंग सुरू झाली. भिंतीतल्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. 'ऑक्सिजन' लिहिलेल्या तोंडातून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भुलीचा वायू, येत होता. श्वास लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावावा, त्याची अवस्था आणखी बिघडावी, म्हणून ऑक्सिजन वाढवावा, असं जवळजवळ पाच महिने चाललं. त्या काळात तिथे दगावलेल्या २३ रुग्णांची चौकशी झाली. नळी जोडणारा कामगार, पाटी लावणारा, इमारत ताब्यात घेणारा, वापरणारा डॉक्टर, कुणाचाच हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला वाटलं की आधीच्याने तपासलं असेल.

आजचं चित्र सांगतो. किचनरच्या कुठल्याही वॉर्डात खाटेच्या डोक्यापाशी भिंतीत बसवलेली तोंडं पाहा. कॅनडात ऑक्सिजनची खूण पांढरी, नायट्रस ऑक्साइडची निळी, हवेची काळी-पांढरी, शोषून घेणाऱ्या व्हॅक्यूमची पिवळी. भारतातून आलेल्या नर्सला हे नव्याने पाठ करावं लागतं, कारण आपल्याकडे ऑक्सिजनचं नळकांडं काळं आणि त्याचा फक्त खांदा पांढरा. पण रंगावर इथे कुणी विसंबत नाही. प्रत्येक वायूच्या जोडणीचा आकार वेगळा असतो. ऑक्सिजनची नळी दुसऱ्या तोंडात बसतच नाही. सडबरीनंतर कॅनडाच्या मानक संस्थेने वैद्यकीय वायूंच्या नळ्यांसाठी राष्ट्रीय मानक केलं. बांधणाऱ्या ठेकेदाराशी संबंध नसलेल्या तपासनिसाने प्रत्येक तोंडाशी उपकरण लावून, आत खरोखर कोणता वायू आहे ते मोजल्याशिवाय तिथे रुग्ण ठेवता येत नाही. हा तपासनीस रुग्णाला कधी दिसत नाही. रुग्ण येण्याआधीच तो सही करून निघून गेलेला असतो.

१९९५ मध्ये किचनर-वॉटर्लू आणि फ्रीपोर्ट एकत्र येऊन ग्रँड रिव्हर हॉस्पिटल झालं. नाव ठेवण्यापेक्षा अवघड काम पुढे होतं. तातडीची शस्त्रक्रिया करणारी एक इमारत आणि महिनोन् महिने राहणाऱ्या रुग्णांना सांभाळणारी दुसरी, या दोघींची कामाची पद्धत एक करायची होती.

मग २००३ आलं. त्या वर्षी ग्रँड रिव्हरचं कर्करोग केंद्र सुरू झालं आणि रेडिएशनसाठी दूरच्या शहरात खेपा घालण्यापासून इथल्या रुग्णांची सुटका झाली. पण त्याच वर्षाच्या वसंतात शेजारच्या टोरांटोत सार्स आला. कॅनडात ४४ माणसं दगावली, त्यांत रुग्णांची सेवा करणारेही होते. रोग पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतच. ऑन्टारिओभर रुग्णालयांच्या दारांवर माणसं उभी राहिली, येणाऱ्या प्रत्येकाला ताप-खोकल्याचे प्रश्न विचारले जाऊ लागले. मास्क चेहऱ्याला नीट बसतो का, हे प्रत्येक कर्मचाऱ्याचं मोजमाप घेऊन पाहणं पुढे नेहमीचं झालं. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने २००७ मध्ये अहवाल दिला. त्याचा गाभा असा की शास्त्रीय पुरावा पूर्ण हाती येईपर्यंत कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाबाबत थांबून राहता कामा नये. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा अहवालातलं किती पाळलं गेलं होतं आणि किती विसरलं गेलं होतं, हे सगळ्या प्रांताने पाहिलं.

त्याच २००३ च्या १४ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास वीज गेली. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि ऑन्टारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. अशा वेळी रुग्णालयाचा जनरेटर काही सेकंदांत चालू व्हावा लागतो, कारण व्हेंटिलेटरवरचा माणूस वाट पाहू शकत नाही. तो चालू होतो, कारण कुणीतरी दर महिन्याला त्याच्यावर खरा भार टाकून तो तासभर चालवलेला असतो, डिझेल जुनं झालं का ते पाहिलेलं असतं, बॅटरी बदललेली असते. सगळं सुरळीत असताना हा खर्च वायफळ वाटतो. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा देखभाल-दुरुस्तीवरच पहिली नजर जाते. नव्या स्कॅनरसाठी देणगीदार मिळतो, जनरेटरच्या बॅटरीसाठी मिळत नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या विश्वस्तांनी या गोष्टीशी झगडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, रॉस बेकर आणि पीटर नॉर्टन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या दर शंभरांतल्या साडेसात रुग्णांना उपचारांमुळेच इजा होते आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. या आकड्याने देश हलला. मानांकनाच्या निकषांत सक्तीच्या सुरक्षा-पद्धती आल्या. रुग्णाची ओळख नाव आणि जन्मतारीख अशा दोन खुणांनी पटवणं. दाखल होताना तो घरी घेत असलेल्या औषधांशी इथली औषधं ताडून पाहणं. पडण्याचा धोका मोजणं. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या कुप्या वॉर्डातून काढून टाकणं. या शेवटच्या नियमामागे कारण आहे. ती कुपी सलाइनच्या कुपीसारखीच दिसते. मध्यरात्री, घाईत, मंद उजेडात ती हाती आली आणि शिरेतून सरळ दिली, तर हृदय थांबतं. नर्सने जास्त काळजी घ्यावी, एवढं सांगून भागत नाही. ती कुपी तिच्या हाताशी असताच कामा नये.

दर चार वर्षांनी तपासनीस येतात ते आता फायली चाळत बसत नाहीत. ते एक रुग्ण निवडतात आणि त्याच्या वाटेने चालतात: इमर्जन्सी, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, वॉर्ड, घरी जाणं. वाटेत भेटेल त्याला विचारतात. सफाई करणाऱ्या बाईंना विचारतात की ही खाट पुसल्यावर द्रावण किती मिनिटं ओलं राहायला हवं. लसींच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत असल्याची नोंद शनिवार-रविवारची दाखवा म्हणतात. वर मान करून बघतात की कपाटावर रचलेली खोकी छतावरच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या आड येत नाहीत ना. आग अडवणारं दार कुणी सोयीसाठी पाचर ठोकून उघडं ठेवलंय का, हेही पाहतात. ही उत्तरं आठवडाभर आधी पाठ करून देता येत नाहीत. सेंट मेरीजने गेल्या दशकात वॉर्डावॉर्डात भिंतीवर फलक लावून, रोज सकाळी त्यासमोर उभ्या-उभ्या, काल काय चुकलं आणि आज काय धोका आहे हे बोलण्याची शिस्त लावून घेतली. पाच-दहा मिनिटांची ही बैठक मला मानांकनाच्या प्रमाणपत्राहून मोलाची वाटते.

कारण नुसत्या कागदाचं काय होतं, हे ऑन्टारिओने स्वतः पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायची एक यादी तयार केली: हाच रुग्ण ना, हीच बाजू ना, अ‍ॅलर्जी आहे का, रक्त तयार आहे का, शेवटी बोळे मोजले का. जगातल्या आठ शहरांत तिची चाचणी झाली, त्यांत टोरांटोही होतं आणि दिल्लीही. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ऑन्टारिओने २०१० मध्ये सर्व रुग्णालयांना यादीचा वापर जाहीर करणं बंधनकारक केलं आणि जवळजवळ सर्वांनी ती वापरतो असं कळवलं. २०१४ मध्ये प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. माझं वाचन असं: जिथे सर्जन थांबला, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून उत्तरं दिली, तिथे यादीने जीव वाचवले. जिथे हातमोजे चढवता चढवता कुणीतरी खुणा केल्या, तिथे फक्त कागद भरला.

हे लिहिताना महाराष्ट्र डोळ्यांसमोरून हलत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती, त्यातली दहा गेली. एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन कोविडचे २२ रुग्ण दगावले, त्यानंतर दोनच दिवसांनी विरारच्या अतिदक्षता विभागात आग लागली, नोव्हेंबरमध्ये नगरला. प्रत्येक वेळी फायर ऑडिटचे आदेश निघाले. भारतात एनएबीएच हे मानांकन मंडळ २००५ पासून आहे, मानकं उत्तम आहेत, पण मानांकनाची वाट धरणारी बहुतेक खासगी रुग्णालयं. जिल्हा रुग्णालयातल्या बाळालाही तेच संरक्षण मिळायला हवं.

किचनरमध्ये काय वेगळं केलं जातं? ऑन्टारिओच्या अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे रुग्णालयात दर महिन्याला आगीची रंगीत तालीम होते. वर्षातून एकदा सगळ्यांत कमी माणसं कामावर असतील अशा वेळेची, म्हणजे रात्रपाळीची, तालीम करून दाखवावी लागते. ध्वनिक्षेपकावर 'कोड रेड' ऐकू आलं की क्रम ठरलेला: धोक्यातल्या माणसाला आधी बाहेर काढा, दार बंद करा, घंटा वाजवा, फोन करा आणि विझवायला सगळ्यांत शेवटी जा. दार बंद करणं दुसऱ्या क्रमांकावर आहे, कारण जीव जातात ते बहुतेक धुराने. मिडटाउनच्या वॉर्डात रात्री दोन वाजता एकटी असलेली विशीतली नर्सही हा क्रम झोपेतून उठून सांगेल. भंडाऱ्यातल्या कर्मचाऱ्यांनी त्या रात्री सात बाळं जिवावर उदार होऊन बाहेर काढली. धैर्य त्यांच्यात होतंच. त्यांच्या हाताशी अशा तालमीची पुण्याई असायला हवी होती.

आता वॉटर्लू रिजनल हेल्थ नेटवर्कपुढे सर्वांत मोठं काम आहे. २०२४ च्या जुलैमध्ये नव्या रुग्णालयासाठी वॉटर्लू विद्यापीठाच्या उत्तर आवारातली जागा जाहीर झाली. नवी इमारत म्हणजे नव्या नळ्या, नवे जनरेटर, नवी दारं, आणि सडबरीचा धडा नव्याने गिरवण्याची वेळ. दोन रुग्णालयांची औषधांच्या नोंदींची, अवजारं धुण्याची, धोक्याच्या सूचना देण्याची रीत एकच करावी लागेल. जुन्या दोन घरांतली कुठली सवय सोडायची आणि कुठली नेटाने धरायची, हे ठरवताना रोजच्या सकाळच्या बैठकीतल्या माणसांना विचारलं जावं, एवढी अपेक्षा आहे.

या कामात रुग्ण आणि नातेवाईक यांचीही जागा आहे आणि आपण मराठी माणसं ती पुरेशी घेत नाही. भारतातून आलेले आई-बाबा दाखल होतील तेव्हा त्यांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या, त्यात आयुर्वेदिक गोळ्या, भस्मं आणि काढेही आले. ते लपवू नका. भस्मांत जड धातू असू शकतात आणि काही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी जमत नाहीत. संमतिपत्रावर सही करताना शाळकरी नातवाला दुभाषा करू नका, रुग्णालयाकडे दुभाष्याची मागणी करा. नर्सने दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारली तर रागावू नका, आणि विचारली नाही तर आपण होऊन सांगा. डॉक्टरांनी हात धुतले का, असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. रुग्णालयं रुग्ण-कुटुंबीय सल्लागार नेमतात. नवी इमारत आखली जात असताना त्या टेबलाशी आपल्यापैकी दोन-चार जणांनी तरी बसायला हवं. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आपलं नाव जरूर नोंदवावं.